त्रिकलमी तहनामा

मुलांना वळण कसे लावावे या विषयावरचा मराठीतला सर्वमान्य ग्रंथ एका अविवाहित गृहस्थाने, आमच्या नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिला, या गोष्टीचा संगोपनशास्त्राच्या अभ्यासकांनी जितक्या गांभीर्याने विचार करावयास हवा होता, तितका तो झालेला मला दिसत नाही. १९३३ सालच्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग त्या तुरुंगात लिहून काढला. त्या पाच दिवसांत, लिहिलेल्या कागदांची होडी करून ती न्हाणीघरात सोडणारे कोणी त्यांच्या आसपास नव्हते. ‘माझा कंपास कोणी घेतला’ या प्रश्नाची तड लावण्यासाठी त्यांना अर्ध्या वाक्यावरून उठावे लागत नव्हते. आणि मुख्य म्हणजे, आपण लिहिलेले घरात अमलात येते आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. गुरुजींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे आणि त्यांचे पुस्तक वाचताना डोळे कोरडे ठेवणे मला आजतागायत साधलेले नाही. तथापि परकीय सरकारने त्यांना सजा म्हणून जो एकांत फर्मावला, तो आज तासावर भाड्याने मिळू लागला, तर गावातले निम्मे आईबाप त्या दरवाजाशी रांग लावतील, हेही तितकेच खरे.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, आमच्या सूनबाई एका संगोपनविषयक व्याख्यानमालेला जाऊन आल्या त्या रात्री आमच्या घरात एक त्रिकलमी तहनामा जाहीर झाला. कलम पहिले, मुलांनी दान करावे. कलम दुसरे, मुलांनी स्वयंपाक शिकावा. कलम तिसरे, मुलांनी घराबाहेर खेळावे. मी ही तिन्ही कलमे ऐकून घेतली आणि म्हटले, “यात नवीन ते काय? म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला श्यामने हात दिला ते तुमचे पहिले कलम, अळणी भाजी हे दुसरे, आणि पोहायला जात नाही म्हणून आईने शिंपटी हाती घेतली ते तिसरे.” यावर सूनबाई प्रसन्न होऊन उद्गारल्या, “बाबा, तुम्हांला विषयाची चांगली माहिती आहे, तेव्हा अंमलबजावणी तुम्हीच पाहा.” कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाने, विषयाची माहिती आहे असे वरिष्ठांसमोर कदापि दाखवू नये हा पहिला धडा विसरावा, याला वार्धक्याखेरीज दुसरे कारण संभवत नाही. मी एक जाड वही आणली, तिला तीन रकाने आखले, आणि दप्तर सुरू झाले.

दानाच्या कलमात ‘दरमहा आपली एक आवडती वस्तू द्यावी’ असे म्हटले होते. अकरा वर्षांच्या नातवाने, फार विचाराअंती, आपले व्याकरणाचे पुस्तक पुढे केले, आणि या पुस्तकावर आपला किती जीव आहे याचे वर्णन करताना त्याचा कंठ दाटून आला. आठ वर्षांची नात मात्र कृतीवर विश्वास ठेवणारी आहे. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपुराकडे निघते आणि नाशकातून पुढे जाते, तेव्हा वारकऱ्यांना चहा, पोहे, राजगिऱ्याचे लाडू देण्यासाठी रस्त्यारस्त्यांवर मांडव पडतात. तशा एका मांडवात आम्ही उभे असताना पावसाचे चार थेंब आले, आणि एका वृद्ध वारकऱ्याच्या हाती हिने माझी नवी कोरी छत्री देऊन टाकली. दिंडी दृष्टिआड झाल्यावर मी जाबजबाब घेतला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “आवडती वस्तू द्यायची ना, आजोबा? तुम्हांला छत्री किती आवडते ते सगळ्यांना माहीत आहे.” मी तहनाम्याचा मसुदा पुन्हा वाचून पाहिला. वस्तू कोणाला आवडती असावी, याविषयी त्यात खरोखरच स्पष्टता नव्हती.

दान म्हणजे काय हे मुलांना सप्रमाण दाखवावे, म्हणून पुढच्या रविवारी मी सगळ्या कुटुंबाला पांडवलेण्यांवर नेले. त्रिरश्मी डोंगरावर त्या पायऱ्या चढून गेलेल्या कोणाही नाशिककराला ठाऊक असेल की, दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदात नावाच्या दात्याने आपल्या दानांची जंत्री दगडात कोरून ठेवली आहे. तीन लाख गाई दिल्या; देवाब्राह्मणांना सोळा गावे दिली; वर्षाला लाख ब्राह्मण जेवू घातले; नारळाची बत्तीस हजार झाडे दिली; आणि तापी, दमणगंगा अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. परंतु माझ्या कारकुनी अंतःकरणाला खरा पाझर फुटतो तो पुढच्या मजकुरापाशी. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी या गृहस्थाने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, पैकी दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून रीतसर दप्तरी दाखल केला. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी! मी सद्गदित होऊन मुलांकडे वळलो. नात भिंतीकडे टक लावून पाहत होती.

“आजोबा, या तीन लाख गाई त्याच्या स्वतःच्या होत्या का?”

उषवदात हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, आणि राज्य सासऱ्याचे, हे मला माहीत होते. ते सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, म्हणून सांगितले. “मग!” एवढेच ती म्हणाली, आणि छत्रीचे प्रकरण माझ्याकडून कायमचे दप्तरदाखल झाले.

आमच्या सौभाग्यवतींचे लक्ष या जावईबापूंवर नव्हतेच. त्या तिसऱ्या लेण्यापाशी खिळल्या होत्या. तिथे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे. लेणे तिने दिले खरे, पण लेखाचा मोठा भाग तिने आपल्या मुलाच्या, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या, गुणवर्णनास वाहिला असून त्यात, या मुलाने आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही, अशीही नोंद दगडात करून ठेवली आहे. स्वतःची ओळख करून देताना तिने महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी दोन्ही पदे लावली आहेत. एकही सोडलेले नाही. हा मजकूर मी उलगडून सांगितल्यावर सौभाग्यवतींनी एक दीर्घ निःश्वास टाकला, आणि खांबाला टेकून मोबाईलमध्ये डोके घातलेल्या आमच्या चिरंजिवांकडे असा काही दृष्टिक्षेप केला की, त्या डोंगरावर कोरण्याजोगी जागा अजून पुष्कळ शिल्लक आहे याची मला धास्ती वाटली. बलश्रीच्या याच आज्ञाधारक मुलाने पुढे उषवदाताच्या सासुरवाडीचा समूळ उच्छेद केला आणि नहपानाच्या नाण्यांवर आपले ठसे उमटवले (१९०६ साली जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाणी अशी दुबार ठसा मारलेली आहेत), हा तपशील मी मुद्दामच गाळला. आईचे ऐकणारी मुले इतरांचे काय करतात, हा स्वतंत्र विषय आहे.

पाककलेचे कलम थोरल्याने उचलले. त्याने एकट्याने, कोणाचाही हात न लागू देता, मटकीची उसळ केली. मिसळीच्या या गावात मटकीला हात घालणे हे धाडसच. पण पोराने मोड आणण्यापासून फोडणीपर्यंत सगळे निगुतीने केले, आणि मीठ तेवढे घातले नाही. पहिला घास घेताच ताटावर बसलेल्या आम्हां चारही प्रौढांच्या मनात एकाच वेळी एकच पुस्तक उघडले गेले. भाजी अळणी असूनही श्यामच्या वडिलांनी चकार शब्द काढला नव्हता; तेव्हा आम्हीही काढला नाही. इतकेच नव्हे, तर आम्ही त्यांच्यावर कडी केली. चिरंजीव म्हणाले, “वा!” सूनबाईंनी आणखी थोडी वाढून घेतली. सौभाग्यवतींनी, माझ्या उभ्या संसारात माझ्या वाट्याला कधी न आलेल्या स्वरात, “हाताला चव आहे हो,” असा दाखला दिला. त्यागाचे एक मंद तेज त्या पंगतीवर पसरले असतानाच नात म्हणाली, “दादा, मीठ कुठाय यात?”

थोरल्याने चमचाभर उसळ तोंडात घातली, आम्हां चौघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि विचारले, “म्हणजे तुम्ही सगळेच खोटं बोललात?”

साने गुरुजींचा श्याम आमच्याकडे जेवायला असता तर त्याने या प्रश्नाला काय उत्तर दिले असते, हे मला सांगता येत नाही. परिणाम मात्र असा झाला की, त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात वडीलधाऱ्यांच्या स्तुतीचे नाणे चालेनासे झाले; कोणताही पदार्थ प्रथम धाकटीच्या जिभेसमोर पेश होतो, आणि तिने मान हलवल्याखेरीज ताटात येत नाही. पोरगा आता उसळ फार चांगली करतो. सत्य बोलणारा एक माणूस घरात असला की स्वयंपाक लवकर सुधारतो, असे दिसते. संसार सुधारतो की नाही, हे मी सांगणार नाही.

तिसऱ्या कलमाला आमच्या जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी शोधून सापडायची नाही. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या सप्तशृंगीच्या गडावर, वानरांच्या उड्या पाहून स्फुरली, अशी कथा सांगतात. आणि अंजनेरी ही हनुमंताची जन्मभूमी, हे तर आम्ही श्रद्धेने मानतो. उगवता सूर्य दिसताच फळ समजून आभाळात उडी घेणाऱ्या त्या बालकाला, ‘आधी टोपी घाल, मग जा,’ असे म्हणण्याइतकी उसंतही अंजनीमातेला मिळाली नसावी. सूनबाईंनी उसंत काढली. मुलांची नावे एका उन्हाळी क्रीडाशिबिरात घातली गेली. तिथे मुले छपराखाली रांगेत उभी राहत, शिक्षक शिट्टी वाजवीत, आणि कडेने मांडलेल्या खुर्च्यांवर आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन बसत. घाम प्रामुख्याने आईबापांना येई. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवाईपासूनच्या म्हणून सांगतात त्या रहाडी उघडतात, वर्षभर रस्त्याखाली झाकलेल्या त्या दगडी हौदांतल्या रंगीत पाण्यात अख्खा मोहल्ला धबाधब उड्या घेतो, आणि आमचे चिरंजीव त्या उड्यांवरच लहानाचे मोठे झाले. परंतु मुलांना तिकडे न्यायचे म्हणताच, त्या पाण्याच्या शुद्धतेचा दाखला कोणी दिला आहे काय, अशी पृच्छा झाली, आणि चिरंजिवांनी, ज्यांनी ते पाणी बालपणी बेसुमार प्यायले आहे, पायांच्या अंगठ्याकडे पाहत मौन धरले.

अखेर मुले खेळली ती आमच्या इमारतीच्या आवारात. तिथे ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ असा लोखंडी फलक असून त्याचा मसुदा मंडळाच्या विनंतीवरून मीच करून दिला होता. मुलांना यष्टी म्हणून उभे करण्यासारखे काहीतरी हवेच होते. फलक उंचीला अगदी बेताचा निघाला. चेंडू लागला की तो खणखणीत वाजतो, त्यामुळे बाद की नाबाद याचा तंटा उरत नाही. एक दिवस चेंडू फलक चुकवून तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीत गेला आणि काच फुटली. आजी एकट्या राहतात. मी पंचनाम्याच्या तयारीने खाली उतरलो, तर त्या म्हणाल्या, “काचेचं बघू, आधी हा कोण मुलगा तो तर दाखवा.”

नुकसानभरपाई म्हणून थोरल्याने स्वतः होऊन एक वाटी मटकीची उसळ नेऊन दिली; ती मीठ तपासून गेली होती. आता आपल्याकडे दुसऱ्याची वाटी रिकामी परत करण्याची रीत नाही. ती आली तेव्हा तिच्यात गव्हाचा चीक होता, कारण आजींच्या कुरडयांचा दिवस होता. चीक आल्यावर आमच्याकडून काहीतरी जाणे क्रमप्राप्त होते, म्हणून मुलांनी थालीपीठ केले. थालीपिठाच्या बदल्यात उडदाच्या पापडांच्या लाट्या आल्या. लाट्यांच्या बदल्यात, आजींचे वाळवण गच्चीवर राखायला दोघेही काठी घेऊन गेले, कावळ्यांमागे दुपारभर धावले, आणि राखणेचा मोबदला म्हणून अर्धे वाळलेले पापड त्यांनी जागेवरच वसूल केले. या देवघेवीला अंत कसा तो नाही, कारण जो पक्ष रिकामी वाटी पाठवील त्याची बेअब्रू होणार. आणि दोन्ही पक्ष अब्रूदार आहेत. आजींनी खिडकीला नवी काच बसवून घेतली, पण संध्याकाळी पाच वाजले की त्या ती खिडकी सताड उघडी ठेवतात. चेंडू आत गेला की तो आणायला आत जावे लागते, आणि आत गेलेल्याला काही खाल्ल्याखेरीज चेंडू मिळत नाही. येताना आजींचा पाण्याचा माठ भरून ठेवायचा, असे पोटकलम मुलांनीच परस्पर घातले आहे. त्याची मला वर्दीसुद्धा दिली नाही.

महिनाअखेर सूनबाईंनी वही तपासायला मागितली. दानाच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिले, कारण आवडती वस्तू म्हणून या महिन्यात कोणीच काही दिले नव्हते. पाककलेच्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिले. क्रीडेच्या रकान्यापाशी लेखणी थोडी अडली, कारण थोरला हल्ली फलकाकडे न पाहता सरळ खिडकीचा अंदाज घेऊन चेंडू मारतो आणि दहांतले सात आत घालतो, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. मी ‘नेमबाजी – उत्तम’ असे लिहून खाली सही केली. सूनबाईंना फार आनंद झाला. नेमबाजीचे वर्ग गावात कुठे चालतात आणि फी काय पडते, याची चौकशी करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.