कासव, ससा आणि मांडीवरचं बाळ

ब्रिटनमधल्या बऱ्याच मोबिलिटी स्कूटरवर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांच्या बॅटरीवरच्या गाडीवर, वेगाची एक चकती असते. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. फुटपाथवर मात्र कायदा सशालाही ताशी 4 मैलांपुढे, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटरपुढे जाऊ देत नाही. शाळेची घंटा ऐकलेलं पोर याहून जोरात पळतं. तरीही त्या चकतीमागे बसलेल्या आईच्या मांडीवर बाळ दिसलं, की शनिवारचा अख्खा बाजार वाहतूक-तज्ज्ञ होतो.

तज्ज्ञाच्या एका हातात कॉफी असते, दुसऱ्या हातात मोबाइल आणि नजर मोबाइलवर. गर्दी उभ्या माणसांकडे बघून चालते. स्कूटरवरची आई असते गर्दीच्या कमरेपाशी. मग कुणाची तरी खांद्याची पिशवी बाळाच्या कपाळावर आपटते आणि चूक अर्थातच स्कूटरची ठरते.

धोका खराच आहे, फक्त तज्ज्ञ बघतात तिथे नाही. हँडलजवळची पट्टी दाबली की स्कूटर चालते, सोडली की थांबते. दीड वर्षाच्या बोटांना जगातल्या सगळ्या वस्तू सोडून नेमकी ती पट्टी सापडते. गाडी तीनचाकी असेल तर वळणावर कलते, बाळाचे पाय बाहेर लोंबत असतात ते वेगळंच. म्हणून जाणती आई थांबल्याबरोबर किल्ली काढते आणि गर्दीत चकती कासवावरून हलवत नाही. ही अक्कल तिला सल्लागारांनी दिलेली नसते.

कायद्याला विचारावं, तर त्याचा सूर ठाम. 1970 च्या ब्रिटिश कायद्याने अशा गाडीची व्याख्याच 'एका व्यक्तीला' नेणारं वाहन अशी केली. आपणही मागे राहिलो नाही. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीपर्यंत अपंगांचं वाहन मुळातच तसं बनवलेलं हवं होतं, नुसता फेरफार केलेलं चालत नव्हतं. शिवाय ते वापरायचं फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठी. अपंग माणसांना पोरंबाळं होतात, ही बातमी तेव्हा बहुधा कुठल्याच संसदेत पोचली नव्हती.

संयुक्त राष्ट्रांना ती 2006 मध्ये कळली. अपंगत्व मुलाचं असो वा आईवडिलांचं, त्या कारणावरून ताटातूट करू नये, असं त्या वर्षीच्या करारात लिहिलंय. भारताने करार मान्य केला आणि त्यानुसार 2016 मध्ये कायदाही केला. त्याच्या नवव्या कलमात अपंग मूल आलं. अपंग आईबाप तेवढे वाटेत गळाले.

मुंबईत फुटपाथवरच्या खांबांमधून व्हीलचेअर शिरत नाही, याची उच्च न्यायालयाला 2023 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. फुटपाथ बंद, म्हणजे उरला रस्ता. तिथे एक बाप साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर, लेकीला पुढ्यात घेऊन सिग्नलला थांबलेला असतो. शेजारी मोटारसायकल येते. टाकीवर थोरला, मध्ये धाकटी, मागे आई; हेल्मेट एकच, तेही आरशाला लटकवलेलं. चालवणारे गृहस्थ वाकून कळवळ्याने म्हणतात, "दादा, पोरीला घेऊन असं गर्दीत येऊ नका हो. रिस्क असते."