थंड, अंधारी जागा

बाटलीवर छापलंय, 'थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा.' छापणारा मे महिन्यात बदलापूरला उतरलेला दिसत नाही.

झालं असं, की आमच्या सौ.च्या गालावर वांग दिसू लागला आणि ७:५२च्या लेडीज डब्यातल्या ग्रुपने अंबरनाथ यायच्या आत निदान केलं : व्हिटॅमिन सी. खायचं नाही, लावायचं. आठवड्याभरात तीस मिलीची बाटली घरात. किंमत ऐकून मी विचारलं, "यात फर्स्ट क्लासचा पासही येतो का?"

"अहो, तुम्हीही लावा. गरज तुम्हाला जास्त आहे."

बाटलीवर 'मेड इन यूएसए' होतं. आमच्या लायनीत त्याने कोणी दबत नाही. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथे पोरंसुद्धा सांगतात. महायुद्धातल्या लष्करी छावणीत निर्वासित म्हणून उतरलेल्या आणि १९४९मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळताना पाहिलेल्या माणसांनी कुठली वस्तू बनवून पाहिली नाही? तरी आमची बाटली खरी अमेरिकेची, असं बिल म्हणतं.

मी रिटायर माणूस, वाचायला घेतलं. व्हिटॅमिन सीवरच्या कामासाठी सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञांना १९३७चं नोबेल मिळालं. सुरुवातीला हे नेमकं काय आहे ते त्यांनाही उमगेना, म्हणून त्यांनी नाव सुचवलं 'इग्नोज'. संपादकाने ते नाकारलं. मग त्यांनी सुचवलं 'गॉडनोज', म्हणजे देव जाणे. तेही नाकारलं गेलं. फार वाईट झालं. गुण कधी येणार, याचं उत्तर आयतं बाटलीवर छापून आलं असतं.

थाप मात्र नाही हं. कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजन बांधायला हे जीवनसत्त्व लागतंच. उन्हाच्या माऱ्यात थोडा आडोसाही मिळतो. महिनोन्‌महिने लावलं तर डाग जरा फिके होतात, बारीक सुरकुत्या जरा निवळतात. 'जरा' हा शब्द जाहिरातवाले गाळतात. प्रमाण दहा ते वीस टक्के. त्यापुढे चुरचुर वाढते, गुण वाढत नाही. वरून सनस्क्रीन लावायचं ते लावायचंच.

अडचण आहे ती या जीवनसत्त्वाच्या स्वभावाची. उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, उष्णता तर नाहीच. पाण्यासारखं सीरम आधी पिवळं पडतं, मग चहासारखं होतं. आपल्याला तरुण करायला आलेली बाटली आपल्याआधी म्हातारी होते! आणि आणली कुठे, तर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. त्या प्रवासात दारात उभं राहिलं तर ऊन आणि वारा मिळतो, आत उभं राहिलं तर नुसती उष्णता.

ठेवायची कुठे? वरचा मजला, पत्र्याची शेड. फ्रिज आहे, वीज असते तेव्हा चालतो. मला एकच जागा आठवली : अंबरनाथचं शिवमंदिर. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की गारवाच गारवा. पण त्याचं शिखर अपुरं, वरून आभाळ उघडं. इथे महादेवालाही अंधारी जागा मिळालेली नाही, आमच्या बाटलीला कुठली? शके ९८२चा शिलालेख आहे तिथे. म्हणजे साडेनऊशे वर्षं भिंतींवरच्या त्या सुंदर मूर्ती ऊन-पाऊस खातायत; सीरम कोणी लावलं नाही. रसायनं मिळाली ती शेजारच्या वालधुनी नदीला, तीही कारखान्यांकडून, फुकट.

शेवटी बाटली फ्रिजच्या दारात, आवळ्याच्या लोणच्याला टेकून ठेवली. आज सकाळी बघितलं, कटिंगच्या रंगावर आलीय. सौ. म्हणाल्या, "टाकून द्या." टाकली.

लोणचं तीन वर्षांचं आहे.