उरलेल्या बहात्तरांचं काय?

टेस्टिंगमध्ये कष्ट एक्सेलच्या ओळींवर मोजतात. ज्याची शीट खाली ओढता ओढता बोट दुखतं, तो गुणी. ज्याची एका स्क्रीनवर मावते, त्याचं दुसऱ्या कंपनीत जमलेलं आहे असं धरून चालतात. अशा ठिकाणी मी पैसे भरायच्या पानासाठी नऊ टेस्ट केसेस घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो.

तीन ब्राउझर, तीन भाषा, पैसे भरायचे तीन मार्ग, तीन तऱ्हांची नेटवर्कं. सगळे मेळ धरले तर ८१. साहेबांना ८१च हव्या होत्या. क्लायंटला दाखवायला आकडा कसा राबल्यासारखा दिसतो! पण ऑर्थोगोनल ॲरेचा एल-९ तक्ता घेतला, की कुठल्याही दोन रकान्यांतली प्रत्येक जोडी नऊ ओळींत बरोबर एकदा येते. आणि बहुतेक बग एकट्यादुकट्याच्या करणीचे असतात. लग्नघरात कुणाचं कुणाशी वाजणार हे कळायला दोघादोघांची गाठ पडली तरी पुरतं, त्यासाठी अख्खं वऱ्हाड पुन्हापुन्हा मांडवात आणावं लागत नाही.

"मग उरलेल्या बहात्तरांचं काय?" साहेबांनी विचारलं. जणू बहात्तर पाहुणे मी दारातूनच परत पाठवले होते.

मी सांगितलं, हे तक्ते सी. आर. राव यांनी १९४०च्या दशकात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत मांडले. साहेब ढिम्म. मग हेच तक्ते कारखान्यांत रुजवणाऱ्या जपानी तागुचींचं नाव काढलं, तेव्हा ते सावरून बसले. कलकत्त्याचा माल जपानमार्गे आला की आपण त्याला क्वालिटी म्हणतो. शेवटी नागपूरकडचे गणिती शरच्चंद्र श्रीखंडे काढले. एल-९ ज्या लॅटिन चौरसांतून निघतो, तसल्याच चौरसांबद्दलचा ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांचा अंदाज त्यांनी बोस आणि पार्कर यांच्या जोडीने १९५९ साली खोटा पाडला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी आली होती.

"आपल्या अकाउंट्समधल्या श्रीखंडेंचे हे कोण?" साहेब म्हणाले. ओळख निघेल या आशेवर परवानगी मिळाली.

तिसरी ओळ: क्रोम, मराठी, नेट बँकिंग, टूजी. चाक बराच वेळ फिरलं आणि बँकेचं पान म्हणालं, रक्कम चुकीची आहे. आमचं पान '५००' असं देवनागरीत पाठवत होतं आणि बँकेला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. इंग्रजीतून नेट बँकिंग सुरळीत, मराठीतून कार्डही सुरळीत. मराठी आणि नेट बँकिंग यांची गाठ पडली की मात्र खोळंबा.

साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "फोनचे तीन आकारही घाल. एकच तर रकाना वाढतो!"

एल-९ मध्ये तीन-तीन पर्यायांचे चारच रकाने बसतात. पाचवा आला म्हणून मी एल-१८ घेतला. मेळ झाले २४३, ओळी १८. साहेबांनी शीट खाली ओढून पाहिली, थोडी सरकली. "हां, आता कशी भरल्यासारखी वाटते," ते म्हणाले.

उरलेल्या दोनशे पंचवीसांची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही.