कोथरूडचे लेथोद्धारक

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनी ते मयूर कॉलनी या पट्ट्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमधून कानशीचा आवाज येत असेल, आणि त्या गॅरेजची हक्काची मोटार ऐन पावसाळ्यातही रस्त्यावर भिजत उभी असेल, तर आत कोण आहे हे वाचकांस वेगळे सांगावे लागू नये. निवृत्त यांत्रिकी अभियंत्यांची ही एक पोटजमात असून, लाकूडकामाचा जुना लेथ विकत घेऊन तो पूर्ववत करणे हे तिने आपले जीवितकार्य मानलेले असते. लेथ म्हणजे लाकडाचा ठोकळा दोन टोकांत पकडून गरगर फिरवणारे यंत्र. फिरत्या ठोकळ्याला कारागीर पटाशी टेकवतो आणि लाटणी, भोवरे, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब अशा गोल वस्तू त्यातून उतरतात. लेथोद्धारकाच्या लेथावरून यांपैकी काहीही उतरत नाही, ही बाब आरंभीच नमूद केलेली बरी.

या जमातीचे मूळ पुण्याच्या औद्योगिक इतिहासात आहे. खडकीत 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, 1960च्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, 1962 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सने तर थेट कोथरूडच गाठले, आणि कंपनीच्या बसचा थांबा कोठे आहे हे पाहून घराची जागा ठरवणारा एक वर्ग पौड रस्ता व कर्वे रस्ता यांच्या आसपास वस्तीला आला. ‘वनाझ’ हे एका कारखान्याचे नाव आज मेट्रोच्या स्थानकाला मिळाले आहे, याचे या वर्गास मुळीच नवल वाटत नाही. उरलेल्या स्थानकांवर हा अन्याय का, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

लेथाची प्राप्ती बहुधा रविवारी किंवा बुधवारी, म्हणजे जुना बाजार भरतो त्या दिवशी होते. चाळीस वर्षे कारखान्याच्या खरेदी खात्याशी भांडण्यात घालवलेला हा गृहस्थ भंगारवाल्यापुढे मात्र अर्ध्या मिनिटात शरण जातो, कारण गंजाच्या ढिगातून डोकावणारा बिडाचा बेड, म्हणजे यंत्राचे सारे भाग ज्यावर बसतात तो ओतीव लोखंडाचा पाया, पाहताच त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव विक्रेत्यास किमतीत रूपांतरित करता येतो. टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचे दुसरे टोक पेलणारा सरकता भाग, या व्यवहारात हमखास गायब असतो, आणि ‘तो पुढच्या रविवारी येईल’ या आश्वासनावर सौदा पुरा होतो.

पुढचे काही महिने गंज काढण्यात जातात. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात गंजका भाग बुडवायचा, तो बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला जोडायचा, की विद्युतप्रवाहाने गंज सुटू लागतो, ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तीत हायड्रोजन वायू निघत असल्याने दारेखिडक्या उघडी ठेवावी लागतात, हेही खरे. मात्र या प्रयोगास लागणारे पिंप घरात एकच असते आणि त्यात त्या आठवड्याचे पाणी भरलेले असते, एवढ्या सामाजिक बाजूकडे शास्त्राने दुर्लक्ष केले आहे.

गंज उतरला की डायल गेज बाहेर पडते, आणि येथून या जमातीच्या खऱ्या व्यवच्छेदक लक्षणास प्रारंभ होतो. डायल गेज हे घड्याळासारखी तबकडी असलेले मापनयंत्र असून त्यावरचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, त्याचे टोक टेकवले की दांडा खऱ्या मध्यापासून किती ढळतो ते काट्यावरून कळते, आणि या ढळण्यास रनआउट म्हणतात. साध्या कागदाची जाडी दहा शतांशांच्या आसपास भरते. लेथोद्धारकास दोन शतांशांच्या वर काही खपत नाही. आता, वीतभर रुंदीची फळी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत नुसती हवेतल्या ओलीने शंभर शतांश फुगू शकते, तेव्हा लाकडाच्या कामात दोन शतांशांचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारल्यास उत्तर मिळत नाही. ‘डायल लावून बघू’ एवढेच वाक्य मिळते.

हे वाक्य लेथापुरते राहिले असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु दिवाणखान्यातला पंखा, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे झाकण, आरतीचे तबक, सुनेने हौसेने आणलेले फिरते जेवणाचे टेबल या साऱ्यांना डायल लागते. डॉक्टर रक्तदाब पाहू लागले की त्यांच्या यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण मापाशी पडताळणी, शेवटची केव्हा झाली याची चौकशी होते. पुतणीसाठी आलेल्या स्थळाबद्दल मत विचारले असता ‘मुलगा चांगला आहे, थोडा रनआउट आहे’ असा अभिप्राय दिला जातो, आणि नातेवाइकांना तो क्रिकेटविषयक वाटल्याने बैठकीत गोंधळ होतो.

गृहिणीची मागणी या सर्व काळात एका लाटण्याची असते. ‘अहो, एवढं एक तरी करून द्या,’ हे तिचे वाक्य जितके जुने, तितकेच ‘आधी स्पिंडल तर खरा होऊ दे’ हे त्यावरचे उत्तर जुने. अखेरीस ती तुळशीबागेतून लाटणे विकत आणते. ते त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून नाहीसे होते, लेथावर चढते, त्याचा रनआउट साठ शतांश निघतो, आणि निष्कर्ष खडूने भिंतीवर लिहून लाटणे सन्मानाने परत येते. पोळ्या गोल होतात; त्या का होतात, याचा खुलासा भिंतीवर नाही.

लेथाचे वेड थोरामोठ्यांनाही सुटलेले नाही. रशियाचा झार पहिला पीटर स्वतः लेथावर हस्तिदंत कातत असे, आणि त्याने कातलेल्या वस्तू आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. म्हणजे साम्राज्य सांभाळूनही त्यास वस्तू पूर्ण करावयास सवड होती. आपल्याकडील पारंपरिक कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, दोरी किंवा कमानीने दांडा मागेपुढे फिरवी आणि जमिनीवर बसून पायाच्या आधाराने पटाशी स्थिर धरी. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळण्यांची कीर्ती अशाच हातांनी झाली. त्या हातांना शतांश ठाऊक नव्हते, आणि लेथोद्धारकांसमोर हा विषय काढू नये हे उत्तम.

तरीही या गृहस्थांची नुसती टवाळी करून भागत नाही. संध्याकाळी पाचनंतर त्या गॅरेजात एकेकाळचे बसथांब्यावरचे सोबती जमतात. कोणी भोसरीहून बेअरिंग आणतो, कोणी पट्ट्याची लांबी वहीत काढून आणलेली असते, आणि ज्याला आता डोळ्यांनी काट्याचे घर दिसत नाही त्यालाही आकडा विचारला जातो. संगणकावर चालणारी यंत्रे आल्यावर ज्यांच्या हातांचा अंदाज कारखान्याने एका चांदीच्या ताटाच्या मोबदल्यात परत केला, त्यांचे खाते येथे अजून चालू असते. लेथ पुरा झाला तर उद्या जमायचे कशासाठी, हे कोणी बोलून दाखवत नाही. परंतु काम संपत आले की कोणीतरी एक जण न चुकता नवा दोष काढतो, आणि बाकीचे त्याचे मनापासून आभार मानतात.

अशा वास्तूंना आता पुनर्विकासाचे, म्हणजे जुने पाडून उंच इमारत बांधण्याचे, वेध लागले आहेत. विकासकासमवेतच्या बैठकीत सारे सभासद चटईक्षेत्र, पार्किंग आणि महिन्याचे भाडे यांवर तावातावाने भांडत असता लेथोद्धारक फक्त एक कागद पुढे करतात: तळमजल्यावर कोपऱ्यात काँक्रीटचा पाया, शेजारी भिंतीत एक प्लग, आणि चार माणसे उभी राहतील एवढी जागा. विकासकाचा तरुण प्रतिनिधी नकाशावरून मान वर न काढता ‘बघू ना काका’ म्हणतो. कारखान्यात पुरवठादारांना लेखी उत्तरावाचून दाराबाहेर जाऊ न देणारे काका यावर कागदाची नीट घडी घालतात, ती खिशात ठेवतात आणि संमतीपत्रावर सही करतात. ‘बघू’ या मापात किती शतांशांची सूट धरायची, हे ते विचारत नाहीत.