पडद्यावरचे जंगल आणि पालघरचे वारली

जुन्या साहसपटांच्या जंगलात जंगलवाल्यांना सहसा प्रवेश नसे. १९३२च्या ‘टारझन द एप मॅन’मध्ये आशियाई हत्तींना खोटे कान लावून आफ्रिकी बनवले गेले. आशियाच्या वाट्याला आलेले हे त्यातल्या त्यात मानाचे काम. कारण १९३९च्या ‘गंगादीन’मध्ये हिंदी भिस्ती झाला न्यूयॉर्कचा सॅम जाफी, काळपट रंग फासून, सरहद्दीचे डोंगर सापडले कॅलिफोर्नियात. मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली खरी, पण मुंबईच्या स्टुडिओने धडा आधीच गिरवला होता. वाडिया मूव्हीटोनच्या ‘तूफानी टारझन’मध्ये (१९३७) अरण्याचा राजा होता जॉन कावस, पिळदार पारशी! त्याच कंपनीची ‘हंटरवाली’ नादिया पर्थची. (उड्या मात्र ती स्वतः मारी.)

याच मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, पालघर-बोईसरच्या रानात, वारली, कातकरी, मल्हार कोळी पिढ्यानपिढ्या राहत होते. पण वारली भात लावतो, तारपा वाजवतो; गोऱ्या पाहुण्याला खांबाला बांधून भोवती नाचत नाही. अशा माणसाचा कॅमेऱ्याला उपयोग काय? पुढे हिंदी पडद्यावर पिसे-कवट्यांचे ‘आदिवासी’ आले, तेही मेकअपच्या डबीतून. वारल्याला मान मिळाला तो पडद्याबाहेर: डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती चित्रकलेसाठी.