इंपोर्टेड गुडघा

शेजारच्या काकूंनी यंदा गुडघा बदलून घेतला. आता त्या जिना चढतात, देवळात जातात, पार्किंगवरून भांडायला आमच्या दारापर्यंतही येतात. ऑपरेशन यशस्वी.

परवा विचारलं, "काकू, कुठल्या कंपनीचा बसवलाय?"

"इंपोर्टेड आहे!" कंपनी? "ते डॉक्टरांना माहीत."

याच काकूंकडे बारा वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड आहे. दुकानदाराच्या शिक्क्यासकट.

'वाटी बदलली' असं आपण सर्रास म्हणतो. वाटी बहुतेकदा जागेवरच असते. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मधे प्लास्टिकची चकती. आपल्याला नावही धड माहीत नाही आणि सही मात्र तीन ठिकाणी करून दिलेली.

ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याचे दर बांधले. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सरासरी 1,58,324 रुपयांना विकला जात होता, तो 54,720 वर आला. जीएसटी वेगळा. एका फटक्यात लाखभर रुपये गळाले! धातू तोच, प्लास्टिक तेच. काहींचा मेंदू गुडघ्यात असतो हे ऐकून होतो. काहींचा खिसाही तिथंच असतो, हे तेव्हा कळलं.

त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायची. ब्रँड, उत्पादक, बॅच नंबरही लिहायचा. आता आठवून सांगा, तुमच्या घरच्या बिलात काय होतं?

'पॅकेज'. थाळीत वाटीचा दर कोण विचारतो?

बॅच नंबर घेऊन करायचंय काय, असं वाटतं ना? मग खुब्याची गोष्ट ऐका. डीपुय कंपनीचा 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा खुबा. घासून त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम शरीरात उतरायचं. तो लवकर बिघडतोय, हे ऑस्ट्रेलियाच्या सांधे-नोंदवहीत दिसलं. तिथून तो 2009 मध्ये मागे घेतला गेला आणि जगभरातून 2010 मध्ये.

आपल्याकडे तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला 2018 मध्ये. त्यानुसार साधारण 3,600 रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

माणसं हरवली नव्हती हो. कागद हरवले होते.

गाडीच्या ब्रेकमध्ये खोट निघाली तर शोरूममधून फोन येतो. खुब्यात निघाली तर? फोन करायला नंबर तर हवा!

म्हणून काकूंना फाईल काढायला लावली. सांध्याच्या खोक्यात स्टिकर येतात. ते रुग्णाच्या कागदांवर चिकटवतात. काकूंच्या फाईलमध्ये, रक्ततपासणीच्या रिपोर्टमागे, ते सापडले. कंपनी, साइज, बॅच, सगळं होतं.

आणि पत्ता? गुजरातचा.

स्टिकरांचा फोटो काढला, झेरॉक्स मिक्सरच्या कार्डाशेजारी ठेवली. गुडघा उत्तम चाललाय, हेही दोनदा बजावून सांगितलं.

काकू तरी दोन दिवस लंगडत होत्या.