आम्हाला काही सांगूच नका!

दुकानदार म्हणतो, "या मालाबद्दल आधी थोडं सांगायचंय." गिऱ्हाईक कानांवर हात ठेवून ओरडतं, "सांगू नका, नुसतं मोजून द्या!" असं गिऱ्हाईक 2013 साली जिनिव्हात, रॉटरडॅम कराराच्या बैठकीला हजर होतं. आपणच ते, म्हणजे भारत.

हा करार कशावर बंदी घालत नाही. यादीतला घातक पदार्थ पाठवायचा, तर घेणाऱ्या देशाला आधी धोका सांगायचा आणि त्याचा होकार घ्यायचा, एवढंच त्यात आहे. पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, त्या यादीत घालायला 2011 मध्ये आपण पाठिंबा दिला. तेव्हा कॅनडा आडवा आला. दोन वर्षांनी आपणच विरोध करणाऱ्या रशिया-कझाकस्तानच्या पंगतीला जाऊन बसलो. त्यांचं समजतं हो, ते विकतात. आपण तर जगातले सर्वात मोठे आयातदार!

घरात मात्र आपण फार सोवळे. धोका ओळखून 1986 पासूनच अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं थांबवलं. बोटीने येणारे लाखो टन चालतात. बंदरात शुल्क भरलं की अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा शुद्ध होत असावा. विकणाऱ्यांची तऱ्हाही पाहा. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये वापर बंद केला, तरी गोयास राज्यातून निर्यात चालूच राहिली. कॅनडाने अखेर दुकान बंद केलं, आणि क्वेबेकमधल्या अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या गावाने 2020 मध्ये नावसुद्धा बदलून टाकलं.

इथे तो धागा सिमेंटात कालवून पत्रे होतात. स्वस्त, न गंजणारे, गोठ्यापासून गोदामापर्यंत सगळीकडे. कारखानदार सांगतात, सिमेंटात बांधलेला धागा उडत नाही. कबूल. फक्त पत्रा कुणी कापायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही आणि वादळाने तो फोडायचा नाही. धूळ छातीत गेली तरी कॅन्सर उगवायला 20 ते 40 वर्षं लागतात. तोवर कोणाचं सरकार आणि कोणाची फाइल!

हा उशीर ओळखूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कारखान्यांना बजावलं, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद किमान 40 वर्षं जपा. आदेश चांगलाच आहे. पण छपरावर चढून, तोंडाला रुमाल बांधून, हुकासाठी भोकं पाडणारा गडी कुठल्या कारखान्याचा? त्याचं नाव हजेरीपटावरही नसतं.